साहेबाच्या रॅकेटवर दिलेला बॉल

मुलांनो, माझे वडील आलापल्लीला फॉरेस्ट ऑफिसर होते तेव्हा सोमाजी तिथे नाकेदार होते. मला टेनिस त्यांनीच शिकवलं. मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी जाऊन बसले आणि ते बोलले ते असं उतरवून घेतलं. भाषा त्यांचीच ठेवली आहे. अडेल तिथे मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल. ते ‘बाई’ म्हणतात ती मी.

•

काय सांगू बाई तुमाले, आमच्या घरात खेळ हा शब्दच नव्हता. माहा जन्म नागेपल्लीचा. धानाच्या दोन बांध्या होत्या, पाऊस आला तर धान, नाई तर जंगल, असं आमचं चाले. बाप सागवानाच्या डेपोवर लाकडं ओढाले बैल घेऊन जाये. एक दिवस लाकूड घसरलं अन् बापाचा पाय गेला. तेव्हाच्या साहेबाले वाईट वाटलं असन, त्यानं मले नाकेदारीत लावून घेतलं. तेव्हा मले मिसरूडही धड फुटलं नव्हतं. खाकी कपडे मिळाले, पट्टा मिळाला, माय रडली. मले वाटलं आता नाक्यावर बसाचं, गाड्या अडवाच्या, पास पाहाचे. पण माह्या नशिबात नाका कमी अन् क्लब जास्त लिहिला होता.

क्लब म्हणजे काय, तुमी तर पाह्यलाच आहे. कौलारू खोली, दोन वेताच्या खुर्च्या अन् पुढं ते कोर्ट. ते कोर्ट कराचं काम माह्याकडं आलं. वारुळाची माती आणाची, चाळाची, दाबाची, वरून शेणाचा सडा, मंग चुन्याच्या रेषा. जाळी आमच्याकडं ढिवर लोकायनं विणलेली, मासोळीच्या जाळ्यासारखी, फक्त जाड. पहिली जाळी त्यायनं इतकी बारीक विणली का साहेब हसले, म्हणे अरे ही झिंगे पकडायची का बॉल.

तिथी रहीमचाचा होता. बल्लारशाचा माणूस, क्लबचा चपराशी. गोऱ्या साहेबायसंगं खेळून त्याचे केस पिकले होते. त्यानंच माह्या हातात रॅकेट देलं. पण बाई, त्यानं मले टेनिस नाई शिकवलं. त्यानं मले साहेबाले खेळवणं शिकवलं. ते येगळं. चाचा म्हणे, देख सोमा, साहब दिनभर दफ्तर में हारता है, घर में मेमसाहब से हारता है, शाम को उसको जीतना मंगता. म्हणून बॉल असा द्याचा का साहेबाले धावा लागू नये, पण धावलो असं वाटलं पाह्यजे. साहेबाले धाप लागली तर बॉल उंच द्याचा, तो येईपर्यंत साहेब दम घेते. साहेब घसरला, पडला, तर बॉल सरळ त्याच्या रॅकेटवर नेऊन द्याचा, म्हणजे तो उठता उठता मारते अन् पडल्याची लाज राहत नाई. अन् शेवटचा पॉइंट साहेबाचा. कसंही करून साहेबाचा.

तुमाले हे हलकं काम वाटन. पण करून पाहा बाई. जिंकाले काय लागते, जोरात मारा. इथी तर समोरच्याचं पोट किती, गुडघा कोणता दुखते, आज वरून पत्र आलं का, हे सगळं पाहून बॉल टाका लागे. तीन वर्षं, चार वर्षं रोज संध्याकाळी मी हेच करून राह्यलो होतो. झोपेत म्हटलं असतं का सोमा, बॉल त्या पानावर टाक, तरी पडला असता. चांद्यावरून, आताच्या चंद्रपुरावरून, साहेब येत, नागपूरवरून येत, जाताना म्हणत, आलापल्लीला माझा खेळ भलता चांगला होतो, इथलं पाणी चांगलं असावं. मी अन् चाचा एकमेकाकडं पाहात नसू, हसू येईन म्हणून.

मंग तुमचे वडील आले. पुण्याकडचा माणूस, बोलणं मोजकं. पहिल्या आठवड्यातच त्यायनं रॅकेट खाली ठेवलं अन् म्हणे, सोमाजी, तुम्ही मुद्दाम हरता. मी म्हटलं नाई साहेब. ते म्हणे, उद्या मला हरवायचं, हा हुकूम समजा. दुसऱ्या दिवशी मी लय ठरवून गेलो जी. पहिले गेम घेतले. शेवटचा पॉइंट आला अन् माहा बॉल आपोआप त्यायच्या उजव्या हाताले जाऊन बसला. पण पुढच्या महिन्यात नागपुराले कामाले निघाले तर मलेही जीपमध्ये घेतलं अन् तिथल्या स्पर्धेत माहं नाव टाकून देलं. जाताना म्हणे, तिथे कोणी तुमचा साहेब नाही, एवढं लक्षात ठेवा.

अन् खरंच नव्हता. कॉलेजचे पोट्टे होते सगळे, सडपातळ, वाघासारखे धावणारे. त्यायची सेवा कराची काई गरजच नव्हती. माहा हात मोकळा झाला. जिथी ते नसत तिथी बॉल पडे. पहिल्यांदा जिंकलो तेव्हा मले समजलंच नाई का खेळ संपला, मी सर्व्हिस कराले जाऊन उभा. लोक हसले. मंग दिल्लीले नेलं, कलकत्त्याले नेलं. आमचा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात गेला होता, आपल्या चांद्याचं नाव कोणाले माहीत नाई, पेपरवाले लिहीत मुंबईचा खेळाडू. अन् आशियातल्या सगळ्या देशायचे खेळ जपानात होणार होते. धावणं, कुस्ती, पोहणं, सगळं, त्यात टेनिसही. आपले मोठे खेळाडू विलायतेत खेळाले गेलेले. म्हणून निवडीत मले उभं केलं. एकेरीत पाठवाचं ठरलं. फॉरेस्टचा नाकेदार जपानले चालला, बाई. गावात कोणी मानतच नव्हतं. आमची ही तेव्हा नवी नवरी, बायजा, तिनं येवढंच विचारलं, तिथी भात भेटते का.

भेटे. चिकट होता, पण भेटे.

मी कोणाले सांगितलं नाई, पण मनात एकच होतं. मेडल नाई, नाव नाई. मले फक्त शेवटचा पॉइंट दर मॅचले माहा पाह्यजे होता, सगळ्यायच्या समोर. आलापल्लीत इतकी वर्षं खेळलो, पण घरी येऊन आज जिंकलो असं बापाले कधी सांगता आलं नाई. बाप लंगडत दारात येऊन बसे, रोज विचारे, काय गा, कोण जिंकलं. मी म्हणो, साहेब. तो म्हणे, बरं झालं. निघताना त्याच्या पाया पडलो तर म्हणे, आता तिथी तरी साहेब नाई ना.

तिथी पाऊस पडून राह्यला होता, बारीक, आपल्या श्रावणासारखा. माती ओलसर. निळा कोट देला होता आमाले, सगळ्यायले सारखा, तो अजून पेटीत आहे, कसर लागली. पायात कॅनव्हासचे बूट. मी जन्मभर अनवाणी खेळलो, बुटानं फोड आले. तरी पहिली मॅच जिंकलो. दुसरी जिंकलो. दुसऱ्या दिवशी आमचे मॅनेजर म्हणे, सोमाजी, आणखी दोन जिंका, तुमचं मेडल पक्कं.

तिसऱ्या मॅचले समोर जो आला, बाई, तो अगदी आमच्या क्लबातला साहेब. बाकी सगळे पोट्टे होते, हा चाळिशीचा. गोरा, मिशा, पोट थोडं सुटलेलं, पांढरी फुल पँट. कोणत्या देशाचा ते सांगत नाई, त्याची काई चूक नाई. त्यानं जाळीजवळ येऊन हात देला अन् मी चटकन वाकलो. हात द्याच्या ऐवजी वाकलो. तिथंच मले कळाले पाह्यजे होतं.

पण खेळलो मी, चांगला खेळलो. एक सेट त्याचा, एक माहा. शेवटच्या सेटमध्ये मी पुढं गेलो. त्याले धाप लागली होती, मले तिचा आवाज ऐकू येये, अन् हात म्हणे उंच बॉल दे, अन् मी हाताले म्हणो नाई, अन् जोरात मारो. असं चाललं होतं, समोरच्याशी कमी अन् हाताशी जास्त. मंग माहा मॅचपॉइंट आला. त्याचा बॉल कसाबसा आला, मी जाळीजवळ, त्यानं धावाले पाय उचलला अन् ओल्या मातीत तो घसरला अन् पडला, असा आडवा, पांढऱ्या पँटीले सगळा चिखल. सगळं कोर्ट मोकळं. सगळं, बाई. नुसतं ढकललं असतं तरी झालं असतं, तुमच्या नातवानं ढकललं असतं तरी झालं असतं. अन् मी, काय सांगू तुमाले, मी तो बॉल हळूच, उंच, वजन काढून त्याच्या रॅकेटवर नेऊन देला. लेकराच्या हातात वाटी द्यावी तसा. तो एका गुडघ्यावर उठला अन् त्यानं तो माह्या बाजूनं काढून मारला.

लोक उभे राह्यले. टाळ्या, टाळ्या. मले वाटलं त्याच्यासाठी आहेत. त्या माह्यासाठी होत्या.

नंतर काय, हात मेला. पुढचे पॉइंट गेले, सेट गेला, मॅच गेली. तो माणूस जाळीवरून आला, मले मिठी मारली, काईतरी बोलला, डोळे भरलेले. मॅनेजर म्हणे, तो म्हणतो का इतका मोठ्या मनाचा खेळाडू मी पाह्यला नाई, पडलेल्या माणसावर वार नाई केला. मी म्हटलं, साहेब, तसं नाई, मले सवय आहे. मॅनेजरले वाटलं मी लाजून राह्यलो.

चांद्याले आलो तर स्टेशनवर हार. सभा झाली. एक वकील बोलले, एक मास्तर बोलले, ही आपल्या देशाची संस्कृती, हरला पण माणुसकी जिंकली. मले बोला म्हटलं. मी उभा राहून खरं तेच सांगितलं, का माह्या मनात दया नव्हती, माणुसकी नव्हती, मले जिंकाचं होतं, पण आलापल्लीत साहेब पडला का बॉल त्याले द्याचा असतो, म्हणून हातानं देला. तर लोक आणखी टाळ्या वाजवू लागले. म्हणे, पाहा, किती विनय. आता याले काय कराचं बाई. माणूस हरला तर त्याले हरू तरी द्यावं. माहं हरणंही त्यायनं माह्याकडून नेलं.

एकाच माणसानं टाळी नाई वाजवली. रहीमचाचा मागं भिंतीले टेकून उभा होता. सभा संपल्यावर माह्याजवळ आला, माहा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाह्यला, बैलाचा खूर पाहतात तसा. म्हणे, बेटा, ये हाथ मैंने बिगाड़ा. मी म्हटलं, चाचा, हाच हात जपानपर्यंत घेऊन गेला ना. त्या पावसाळ्यानंतर तो बल्लारशाले निघून गेला, परत क्लबात आला नाई.

बापाले सांगितलं, त्यानं सगळं ऐकलं. मंग म्हणे, म्हणजे तिथीही साहेबच जिंकला.

पुढं माह्यासंगं खेळाले लांबून लांबून साहेब येऊ लागले. जपानवाला सोमाजी, मोठ्या मनाचा. आता तर हरणं पक्कंच होतं, नाव राखा लागे ना. शेवटी फॉरेस्टर होऊन रिटायर झालो. कोर्टावर आता बांबू रचतात. पोरगा सिरोंच्याले आहे, सून चांगली आहे, खाऊन पिऊन ठीक चाललं. बायजा मात्र सोडत नाई. एसटीत मी कोणाले जागा देली, बाजारात कोणाले आधी घेऊ देलं, का ही म्हणते, देला का बॉल. परवा शेजाऱ्यानं कुंपण हातभर आत सरकवलं अन् मी चूप राह्यलो, तर ही अंगणात उभी राहून म्हणते, द्या, द्या, त्याच्या रॅकेटवर द्या. आता पाहा, आतून ऐकून हसून राह्यली. ये गा बाहेर, बाई आल्या आहेत, चहा तरी आण.

चहा घ्या बाई. तुमी मघापासून एक विचाराचं म्हणून राह्यल्या अन् विचारत नाई, मले माहीत आहे काय ते. तुमच्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात तुमी मले हरवलं होतं, ते खरं का मी बॉल देला होता, हेच ना. तुमी ते नातवायले सांगता म्हणता. ते तसंच लिहा. पुसू नका.

पोट्टे तिकडं टेनिस खेळतात म्हणता, चांगलं आहे. त्यायले या म्हाताऱ्याचा आशीर्वाद सांगा, हातपाय धड राहो, घरी येऊन मायबापाले आज जिंकलो असं सांगता येवो. अन् येवढं लिहा का समोरचा पडला तर धावत जा, त्याले हात द्या, उठवा, माती झाडा, पाणी पाजा. पण आधी बॉल रिकाम्या जागेत मारा.