दाढेला गेलो, मान सापडली

…नाही, मी म्हणतो, दातांच्या डॉक्टरनं दात बघावेत ना! मानेत काय ठेवलंय तिचं? तुम्हाला सांगतो, खालची डावी दाढ अशी ठणकत होती की कळ थेट कानात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढू.’ काढा! उभं केलं मला एका यंत्रात, हनुवटी फळीवर, दातांत कांडी, ‘हलू नका, गिळू नका,’ आणि ते यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरतंय… लग्नाच्या बायकोनं मला इतकं चहूबाजूंनी कधी निरखलं नाही हो!

मग फोटो आला पडद्यावर. बाईंचं बोट दाढेवर आलं, मी खूश… तर बोट घसरलं खाली, जबडा ओलांडून मानेत! ‘हे काय आहे हो?’ मला विचारतात! मी काय आत जाऊन बघितलंय? ‘पांढरे ठिपके दिसताहेत. कॅल्शियम साचलंय. टॉन्सिलचा खडा असेल, जुनी गाठ असेल… किंवा मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी. तसं असेल तर अर्धांगवायूचा धोका असतो हं! फिजिशियनना दाखवून या, मग दाढेचं बघू.’ हे सगळं गोड हसून! आणि दाढ? दाढ ठणकतेच आहे!

घरी ‘कॅल्शियम’ म्हटलं मात्र, बायकोनं दूध बंद, दही बंद, चहा कोरा! सासूबाईंचा फोन, ‘मी मेली हाडांसाठी इतकी वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या गिळतेय, अंगाला लागत नाही, आणि जावईबापूंच्या मानेत आपोआप!’ मेहुणा म्हणतो, ‘भाऊजी, मान वळवू नका, खडा सुटला तर?’ झालं! ऑफिसात कुणी हाक मारली की मी कपाट सरकवल्यासारखा अख्खा वळतोय… आणि दाढ? ठणकतेच आहे!

हसा, हसा! पण खरं सांगू? दाढी करताना गळ्यावर बोट टेकलं, खाली धडधड लागली, आणि मी घाबरलो. वडील असेच जेवता जेवता एका बाजूला कलंडले होते. पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून…

तर गेलो सोनोग्राफीला. मानेवर गार जेल, डॉक्टरांचे डोळे पडद्यावर. ‘काय दिसतंय?’ ‘गिळू नका.’ अरे, दातवाले म्हणतात गिळू नका, मानेवाले म्हणतात गिळू नका, मी गिळायचं कधी? शेवटी निघाली ती रक्तवाहिनीच! फिजिशियन म्हणाले, ‘थोडंच साचलंय, वेळेवर कळलं. दातांच्या डॉक्टरांचे उपकार माना! एक गोळी कोलेस्टेरॉलची, एक रक्त पातळ ठेवायची.’ मी विचारलं, ‘आणि दूध?’ ‘प्या की! दुधाचा काय संबंध?’ बायको लगेच, ‘मी तेच म्हणत होते!’ तेच?! आठवडाभर कोरा चहा कुणी पाजला मग?

तिथून तडक दातांच्या दवाखान्यात. खुर्चीत आडवा, तोंडाचा आ, बाईंच्या हातात दाढ उपटायचा चिमटा… ‘काही गोळ्या चालू?’ मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, ‘रक्त पातळ ठेवायची.’

चिमटा खाली! ‘अगंबाई, मग आज नको, रक्त थांबायचं नाही. फिजिशियनना विचारून या.’

आता सांगा, ओरडू कुणावर? जीव वाचवलाय हो बाईनं! गाल धरला, ‘फार उपकार झाले’ म्हणालो आणि उठलो. आता मी भरपूर जगणार म्हणे…

या दाढेसकट!