निम्म्या मजुरीचा ठेकेदार
त्या दिवशी ऊन कोवळं होतं अन् वारं गार, म्हणजे घर दाखवायला बरा दिवस. माझं घर आज्यानं दगडमातीत बांधलेलं, शंभर वर्षांचं. भिंत फुगलीय, कौलं गळतायत. पाडायचं नाही, डागडुजी करायची, एवढीच माझी अट. ती ऐकून तीन ठेकेदार पुन्हा फिरकले नाहीत. चौथा आला तो पायाच पडला. भिंतीकडं काही बघेना, वरच्या सागाच्या तुळयांकडंच बघत बसला.

"तात्या, निम्म्या मजुरीत करून देतो."

"निम्म्या का रं बाबा?"

"जुनी घरं टिकली पायजेत, तात्या! फकस्त तुळया, खांब, दारं अन् घडीव दगड मी घिऊन जाणार. त्या जागी लोखंड अन् पत्रा."

"मग जुनं काय ऱ्हायलं?"

"वरनं लाकडाचा रंग मारतो की! कुणाला कळणार बी न्हाई."

मी विचारात पडलो. माझा विचार जरा सावकाश चालतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची हौसाक्का ओरडली, "द्या की तात्या! घर टिकंल तुमचं. फकस्त ऱ्हाईल तिकडं कोळवण गावात, शेरातल्या सायबाच्या फार्महाउसला!"