गोळी बदलल्यावर

विश्रामबागेतल्या मानसोपचार डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी म्हसवडहून आलेलं जोडपं होतं, राजेश्वरी आणि तिचा फौजेतून निवृत्त झालेला नवरा कृष्णात.

“आवं, आत गेल्यावर सगळं सांगा. मान वळवली की डोक्यात करंट बसतो, ते सांगा.”

“हं.”

“जुनी गोळी सुटल्यापासनं पाय जाग्यावर ऱ्हात न्हाईत. हात थरथरत्यात म्हणून दाढी मी करते, ते बी सांगा.”

“न्हाई सांगणार.”

“का?”

“सांगितलं की ही बी गोळी बदलणार. मागल्या बारीला डॉक्टर तीन आठवडं कळ काढा म्हणालं. काढली. आता परत पहिल्यापासनं माझ्याच्यानं हुणार न्हाई.”

“मग असंच जगायचं व्हय?”

“सवय हुईल.”

“ज्या भीतीसाठी गोळ्या खाताय, ती तरी कमी झाली का? मला तरी खरं सांगा.”

“न्हाई झाली.”

“जराबी?”

“जराबी न्हाई.”

“मग मी सांगते त्यास्नी.”

“तू सांगितलंस तर पुन्हा हितं पाऊल टाकणार न्हाई मी. लेकीची आण घेऊन सांगतो.”

त्यांचं नाव पुकारलं गेलं. दोघं आत गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“या, कृष्णातराव. नवीन गोळी कशी वाटतेय?”

“लय फरक हाय, साहेब.”

“छान. आणि ताई, तुम्हाला काय वाटतं?”



“व्हय. फरक हाय.”