एकहाती म्हैस

माजं माहेर यवतच्या अलीकडं आन् सासर हे मांजरी, म्हंजे लांब न्हाईच काही, पण तुमाला सांगते ताई, तीस वर्सांत मी तिथं मुक्कामाला म्हणून चार-पाच वेळा गेले असेन, बस. लग्न करून आले तवा ह्या तुमच्या बिल्डिंगीच्या जागी सगळा ऊस व्हता आन् गोठा आत्ता हाय तिथंच व्हता. ऊस गेला, बिल्डिंग आली, बिल्डिंगीला भिंत आली, भिंतीला गेट आलं, गोठा काही हलला न्हाई. मीबी न्हाई हलले.

आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायची, त्यांची एक म्हैस व्हती, एकहाती. एकहाती म्हंजे काय, तर ती एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडती. दुसरं कोण कासेला बसलं की दूध वर चढवून घेती, थेंब देत न्हाई, वर लाथ. मी नवी नवरी, एकोणीस वर्सांची, आत्या म्हणल्या शालन, बस बरं जरा, बघू काय करती. बसले. पहिल्या दिवशी लाथ, दुसऱ्या दिवशी नुसती शेपटी, आन् तिसऱ्या दिवशी तिनं असं मागं वळून माजा वास घेतला आन् चरवी भरली बगा. आत्यांनी माज्या डोक्यावरनं हात फिरवला, म्हणल्या पोरीचा हात गुणाचा हाय. सगळ्या भावकीत सांगत फिरल्या, पोरीचा हात गुणाचा हाय. मला वाटलं, काय सांगू तुमाला, मला वाटलं मीच जिंकले. आन् आठ दिवसांनी आत्यांनी पिशवी भरली आन् भावाकडं गेल्या महिनाभर, परत आल्या त्या चांगल्या टवटवीत होऊन, आन् पुन्हा म्हणून कधी कासेला बसल्या न्हाईत.

तवा मला त्याचं काही वाटलं न्हाई. उलट गुर्मीच व्हती. धाकटी जाऊ आली, ती म्हणायची अक्का, मी बसू का आज, मी बसू द्यायची न्हाई. पोरगा मोठा झाला, त्यालाबी न्हाई. त्या म्हशीच्या पोटची एक, तिच्या पोटची एक, आन् आता ही चंद्री, सगळ्या मीच माज्या हाताच्या करून ठेवल्या. कुणी केलं तर मीच केलं, दुसऱ्याला नाव ठेवायला जागा न्हाई.

धार पहाटं पाचला आन् संध्याकाळी पाचला. मधल्या बारा तासांत माणूस कुठं जाईल आन् कुठनं परत येईल ते तुमीच बगा. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या आन् पंगत बसायच्या आधी उठायचं. माज्या आईच्या दहाव्याला गेले, तिथनं साडेतीनला निघाले, तर भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, आईपेक्षा म्हैस मोठी का गं तुला. रिक्षा थांबलेली व्हती, जाऊन बसले. एक वेळची धार राहिली तरी कास टणक होती ताई, जनावराला ताप भरतो, सड जातो. आटल्यावर मोकळीक असती म्हणाल, तर गोठ्यात दोन असायच्या, एक आटली की दुसरी व्यालेली. आता एकटी चंद्रीच राहिली. आन् विका म्हणणारे लई हायेत. एकहाती म्हैस कोण घेतंय, दूध देत न्हाई म्हणल्यावर तिला कुठं नेतील ते मी सांगायला नको.

तुमच्या बिल्डिंगीतले येतात किटल्या घेऊन, म्हणतात मावशी, तुमी किती नशीबवान, घरचं दूध. नशीबवान तर नशीबवान. ते सातव्या मजल्यावरचे साहेब, ते तर म्हणाले आमी उकळणारच न्हाई, कच्चंच पिणार, ताकद असती म्हणं, मोबाइलवर दाखवलंय. मी म्हणलं साहेब, माजा जन्म म्हशीखाली गेला, मी उकळल्याबिगर तोंडाला लावत न्हाई, सड कितीबी धुतले तरी गोठा तो गोठा. त्या मोबाइलवाल्याला म्हणावं एकदा येऊन शेण काढ. उकळा, निवू द्या, साय जाड धरू द्या, ती विरजा, घुसळा, लोणी कढवा. चंद्रीच्या दुधाची साय भाकरीसारखी उचलून येती, तेवढं मात्र मी तोंडानं सांगणार, मग कोण काय म्हणायचं ते म्हणू द्या.

तर लेकीचं सांगायचं राहिलं. माजी रेश्मा, लातूरला दिलीय. गेल्या उन्हाळ्यात तिची पहिली खेप. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टरीणबाई म्हणल्या प्रवास न्हाई, पडून राहायचं. सासू न्हाई तिला. फोनवर म्हणाली आई, तू ये महिनाभर, मला भ्या वाटतंय. पोरीनं आजवर काही मागितलं न्हाई ताई. मी म्हणलं येते की. फोन ठेवला आन् गोठ्याकडं बघितलं, चंद्री व्याली त्याला महिनाबी झाला नव्हता, दुधाचा नुसता भर.

आमच्या मालकांना म्हणलं माजं पातळ नेसा, पदर घ्या डोक्यावर, फसली तर फसंल. नेसले बिचारे, मिशा झाकल्या. गॅलऱ्या भरल्या तुमच्या, पोरांनी शूटिंग घेतलं, तुमीबी बघितलं असंल. चंद्रीनं पातळाचा वास घेतला, तिला पटलं, हे बसले, आन् बसल्या बसल्या ह्यांना तंबाखूचा ठसका लागला. चरवी एकीकडं, मालक एकीकडं. कुणी म्हणालं इंजेक्शन टोचा, पान्हा सुटतो. म्हणलं आधी तुला टोचते.

मग आमची सून, पूजा, ती म्हणाली आई, मी बसते. नर्सिंगच्या शेवटच्या वर्साला व्हती ती तवा, सकाळी सहाची बस. म्हणलं बस कासेला. पहिल्या दिवशी लाथ खाल्ली, तशीच लंगडत कॉलेजला गेली. दुसऱ्या दिवशी शेपटी, बस चुकली. तिसऱ्या दिवशी मी चंद्रीपुढं आंबोणाचं घमेलं घेऊन उभी, आन् चंद्रीनं मागं वळून तिचा वास घेतला. सुर्रकन दोन धारा आल्या चरवीत. माज्या तोंडात आलं व्हतं, अगदी ओठावर आलं व्हतं, पोरीचा हात गुणाचा हाय. आन् मला आत्यांची ती पिशवी दिसली, भावाकडं जाताना भरलेली.

मी म्हणलं ऊठ. ती म्हणाली आई, अहो सोडतीय ती. म्हणलं ऊठ म्हणते ना, आन् पुन्हा कासेला बसायचं न्हाई. उठली. तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी माज्या पोराला सांगत व्हती, आईंना बघवलं न्हाई, त्यांची म्हैस दुसऱ्याला लागली म्हणून. मी चुलीपाशी ऐकलं. ते अगदीच खोटं न्हाई, दोन धारा आल्या तवा मला लागलं, लागलंच. पण नुसतं तेवढंच न्हवतं. ते मी तिला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर हट्टानं बसली असती, तशी पोर हाय ती.

रेश्माला म्हणलं न्हाई जमत. तिकडं एक बाई ठेवली कामाला. मुलगी झाली, सगळं सुखरूप झालं, पण तीन महिने माज्याशी धड बोलली न्हाई ती. माजीच लेक, बोलंल कशाला. आता बोलती. मी फोन पेंडीच्या पोत्याला टेकवून ठेवते, तिकडं नात रांगती आन् इकडं माजे दोन्ही हात गुंतलेले. अजून मांडीवर न्हाई घेतली तिला. चंद्री आटंल तवा घेईन, आन् तवर ती पोरगी चालायला लागली असंल.

पूजा पास झाली, दवाखान्यात लागली. सकाळी पिशवी खांद्याला लावून गोठ्यावरनंच जाती, येते आई म्हणती, तेवढंच, जास्त बोलत न्हाई. मी म्हणते जा बाई, सावकाश जा, देव तुला लांब लांब नेवो, रातपाळी करायला लावली तरी कर, परगावी बदली झाली तरी जा. ती गेटाकडं चालली की चंद्री अजून मान वळवून तिच्या मागं बघती, नाक वर करून वास घेती. मग मी धार थांबवते, उठते, तिचं तोंड धरून आंबोणात घालते. म्हणते इकडं बघ गं, मी हाय की इथं.