टेकडीला मेंढ्या हव्यात

गावच्या दवाखान्यात हेस्टर आपला नंबर यायची वाट पाहत होती. शेतकरी आणि निसर्गप्रेमींना एकत्र आणणारी संध्याकाळची सभा तिनेच, निसर्गसंस्थेच्या वतीने, बोलावली होती. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बहीण-भावाला ते ठाऊक नव्हतं.

"सिरिल, सभेला येतोस ना रे?"

"कशाला? ती खडूच्या दगडाची टेकडी वाचवायला?"

"आता तिथे मेंढ्या चरायला हव्यात म्हणे. गवत माजलंय, निळी फुलपाखरं दिसेनाशी झालीत."

"आणि फुलं खातात म्हणून मेंढ्या हाकलल्या कोणी? ह्या निसर्गवाल्यांच्याच संस्थेनं ना?"

"तेव्हाचे साहेब वेगळे होते रे."

"साहेब बदलून मिळतात, एनिड. तुझा नवरा, अँब्रोज, परत मिळतो का विचार."

"त्याचं नको काढूस."

"कळप विकून आला आणि टेकडीकडच्या खिडकीला पडदा ओढला त्यानं. मरेस्तोवर उघडू दिला नाही."

"त्याला नेलं, त्या दिवशी मी उघडला."

मग एनिड हेस्टरकडे वळली.

"तुम्ही येणार का हो बाई, सभेला?"

"हो... यावंच लागेल."

"मग माझ्या शेजारी बसा. मागच्या रांगेत. नकोसं झालं की गुपचूप उठून जाता येतं."