टॉप मॉडेलमध्येही नसलेलं बटण

मंडळी, एक विचारतो. आपल्यावर खरी माया कुणाची, हे कशावरून ओळखायचं? गोड बोलण्यावरून? मग दुकानदाराइतकी माया कुणाचीच नाही! सांगा की! बरं, मग ऐका.

आजऱ्याच्या बाजूला तातोबा हरेर म्हणून एक गृहस्थ. काजूच्या कलमांची नर्सरी. शेडपर्यंतची वाट कशी? एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला बांध — वळायला जागाच नाही! पिकअप आत न्यायची ती उलटीच न्यायची. आणि मागं कोण उभं? त्यांची बायको, अनसूया. पदर खोचायचा, हात हलवायचा — "येऊ द्या… येऊ द्या… हां, बस!"

माघात अनसूया गेली. त्या दिवसापासून तातोबांचा हात रिव्हर्स गिअरवर ठरेना. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची अन् कलमं डोक्यावरून वाहायची! गुडघे बोलायला लागले, गिऱ्हाईक तुटायला लागलं. नर्सरी राहते की जाते, अशी वेळ! शेवटी म्हणाले, कॅमेरावाली नवी गाडी बघू. गेले शोरूममध्ये.

तिथला प्रज्वल दाखवायला लागला. "मामा, हे साधं मॉडेल. दोनच सीट, हौदा लांब, माल जास्त बसतो. कॅमेरा मात्र नाही."

"आणि ते?"

"ते मधलं. चार दारं, हौदा जरा आखूड, कॅमेरा आहे. आणि हे टॉप! चारही चाकं ओढतात — चिखल असो, चढ असो. सीटमधून गार वारा येतो, मामा!"

"कलमं मागं उन्हात अन् मी गार बसू? काय म्हणतील ती मला?"

हसता काय! तुम्ही टॉपच घेतलं असतं!

"मधलं काढ," तातोबा म्हणाले. "पण माझ्या वाटेवर चालवून बघणार."

आले दोघं वाटेवर. गिअर पडला. पडद्यावर विहिरीचा कठडा दिसला — टूं… टूं… टूंटूंटूं! तातोबांनी ब्रेक दाबला. कपाळाला घाम!

"मामा, अजून हातभर जागा आहे!"

"मग ही ओरडती का?"

"धोका सांगते. तिचं कामच ते."

"आणि जागा आहे, हे कोण सांगणार?"

प्रज्वल एकेक बटण चाचपायला लागला! ते बटण गाडीत नव्हतं — टॉपमध्येसुद्धा नाही, मंडळी!

तातोबांनी वळून मागच्या वाटेकडं बघितलं. विहीर तर अनसूयेलाही दिसत होती. पण ती कधी 'विहीर, विहीर' म्हणून ओरडली नाही. विहिरीची काळजी तिनं स्वतःकडं ठेवली, अन् नवऱ्याला नुसती जागा दाखवली! डोळे भरून आले — दुःखानं नव्हे हो, उपकारानं.

मग हळूच, तिच्याच चालीत म्हणाले — "येऊ द्या…" टूंटूं चालूच! "आणखी येऊ द्या…" गाडी शेडच्या दाराशी टेकली. "हां, बस!"

"मामा, कुणाशी बोलताय?"

"मालकिणीशी. घेतली गाडी! धोका ही सांगेल. बाकीचं तिनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय."

आता आपलं बघा. पोरगं सायकल काढतं — आपलं टूंटूं! सून शिलाईचं दुकान टाकू म्हणते — टूंटूं! अहो, टूंटूं करायला यंत्र मिळतं! तुमच्या मागं उभं राहून 'येऊ द्या' म्हणणारं माणूस घरात असेल, तर आज जाऊन त्याला हात जोडा. लाजू नका. आणि नसेल — तर ज्याच्या मागं कुणीच नाही, त्याच्या मागं तुम्ही जाऊन उभे राहा. देवाचं नाव घेतल्यासारखंच आहे ते!