सहा इंची स्लॅब

“पोरीचं मन न्हाय गं त्याच्यात. खोलीत घटकाभर ठरत न्हाय. निपाणीला फोन लाव, तिच्या आईला बोलवून घे.”

...हे मी ऐकायचं नव्हतं. पण तुम्हाला सांगते, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याशेजारी उघडते, आणि मी तिसऱ्या पायरीवर बसले होते, कारण चौथ्या पायरीपासून गरम लागतं. आत चंपाआत्या, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, खासबागेतून खास याच कामाला आलेल्या, आणि ऐकायला राजेश्वरी, म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नाला दोन महिने, आणि माझं मन नाही म्हणे. मी काही बोलले नाही. उठले आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला गेले.

आता त्या खोलीचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. बेळगावच्या वडगावात आमचं घर विणकराचं, पुढं मागघर, जुनं, मातीच्या हातभर जाड भिंती, वर कौलं. लग्न ठरलं तशी माझ्यासाठी, माझ्यासाठी हं, मागच्या बाजूला वर नवी खोली बांधली. शामू मेस्त्रीनं. “सहा इंची स्लॅब टाकलाय वैनी, शंभर वर्षं हलणार न्हाय.” नाहीच हलत. जागच्या जागी राहून दिवसभर ऊन पितो. पश्चिमेच्या भिंतीला गडद तांबडा रंग, लग्नघर दिसाय पाहिजे म्हणून. खिडकी एकच, तीही टीचभर, शेजारच्या मारुतीरावांचा गोठा दिसू नये म्हणून. आणि सूर्य मावळला की तुम्ही म्हणाल, सुटली बाई... कुठलं? तेव्हा तर स्लॅबची ड्यूटी सुरू होते. दिवसभर प्यालेलं सगळं खाली सोडायला लागतो, सावकाश, एक दिवस खाडा नाही, आणि पंखा ते गोळा करून माझ्या डोक्यावर घालतो. कपाटातल्या साड्या आत्ताच इस्त्री केल्यासारख्या. टिकली घसरून भुवईवर.

नवऱ्याला सांगावं, तर साईनाथ शहराबाहेर मच्छ्याला फौंड्रीत, वितळलेल्या लोखंडापुढं आठ तास. पहिली पाळी करून साडेतीनला घरी येतो, खोलीचं दार उघडतो आणि म्हणतो, “काय गार वाटतंय गं रक्षा.” या माणसाला काय सांगायचं? मी काही बोलले नाही.

आणि मागघरात... तुम्ही हातमाग बघितलाय? विणणारा जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडून. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तुटतं म्हणून आप्पा, म्हणजे सासरे, दिवसातनं तीनदा जमिनीवर पाणी मारतात, खिडकीला ओली पोती बांधतात. मला म्हणाले, “सुताला ऊन सोसत न्हाय, बाळ.” सुताला. मी मान हलवली. तर आप्पा चारला चहाला उठले की मी कांड्या भरायच्या निमित्तानं मागावर बसते आणि पाय त्या गार खड्ड्यात सोडते. एवढंच माझं सुख आणि एवढाच माझा गुन्हा. तो नेमका आत्यांनी मागच्या खेपेला बघितला. नवी नवरी, नवरा वर एकटा, आणि ही खड्ड्यात पाय सोडून डोळे मिटून बसलीय. त्या बाईनं तरी काय समजायचं?

रविवारी माझी चौकशी ठरली. शेजाऱ्यांनी ऐकायला नको म्हणून कुठं? वरच्या खोलीत. एप्रिलात, संध्याकाळी सहाला, दार लावून. फोन आत्यांच्या मांडीवर, त्यात माझ्या आईचा नंबर काढून ठेवलेला. मला दिसत होता. आई एकदा निपाणीत बसमध्ये चढली की बेळगावपर्यंत रडणार, आणि उतरेपर्यंत अर्ध्या बसला माझा संसार मोडल्याचं ठाऊक होणार. मग तो खरंच मोडायला कितीसा वेळ?

“हे बघ,” आत्या म्हणाल्या, “मनात काय हाय ते सांग... पंखा चालू न्हाय व्हय?”

चालू होता. पाचावर.

“आमचा साईनाथ तुला... खिडकी तर उघड की गं.”

उघडीच होती. सासूबाई भिंतीला टेकल्या आणि लगेच सरळ झाल्या, पाठ चोळत भिंतीकडं बघायला लागल्या, जणू तिनं चिमटा काढला. आप्पा टोपीनं वारा घेत होते. साईनाथ एकटा ताजातवाना. मी काय सांगणार? स्लॅबच सांगत होता सगळं, माझ्यापेक्षा सविस्तर.

आप्पा उठले. “मागघरात पाणी मारायचं ऱ्हायलंय.” गेले. सासूबाई म्हणाल्या, “दूध उतू जाईल,” गेल्या. दूध फ्रिजमध्ये होतं. आत्या आणखी दहा मिनिटं टिकल्या, बाई खमकी. मग म्हणाल्या, “चल, खाली बसून बोलू.”

खाली बघते तर सासूबाई ओल्या जमिनीवर आडव्या, आप्पा ओल्या पोत्याला पाठ लावून. आत्या सरळ मागाशी गेल्या, बसल्या, दोन्ही पाय खड्ड्यात सोडले आणि डोळे मिटले. फोन मांडीवरून घसरून खाली पडला, कोणी उचलला नाही. मग डोळे न उघडताच आत्या म्हणाल्या, “राजेश्वरी, निपाणीला कशाला तरास द्यायचा उगं... तुझं काय म्हणणं होतं गं, रक्षा?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दोन महिन्यांचं साठलेलं होतं, तुम्हाला सांगते, त्या स्लॅबइतकंच. पण खड्डा एकच, तोही भरलेला, आणि वरून साईनाथ हाक मारत होता, “रक्षा, ये की गं वर, हितं किती गार हाय...” तेव्हा मी बोलले.

“काही नाही आत्या. पाय जरा पलीकडं घ्या.”